अळीच्या वाट्याची ओळ

बाबा, हे तुम्ही समोर असताना मला बोलता आलं नसतं. तुम्ही रागावला नसतात, तेच तर अवघड होतं.

बीटी कपाशीच्या थैलीत साध्या सरकीची एक वेगळी पुडी यायची. ती शेताच्या चारी कडांना लावा, अळ्या तिथं जगतील, असं दुकानदार सांगायचा आणि स्वतःच हसायचा. अख्खं गाव ती पुडी फेकून द्यायचं. तुम्ही मात्र दरवर्षी कंबरेत वाकून एकेक बी टोबत जायचात. मी चिडवायची, "बाबा, अळ्यांले जेवाले बोलावता का?" तुम्ही म्हणायचात, "देवानं तिलेही तोंड देल्लं ना, माय. मंग तिचं पान आपण काऊन उचलाव?" श्रावणात देवळात पोथी वाचून आलात की चहा पिता पिता सांगायचात, चांगल्या माणसाचं जगणं गोष्टीसारखं असतं, पहिल्यापासून सांगत जावं, मधलं काही गाळावं लागत नाही. मी डीएड करून घरी बसले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. मला ते भाबडं वाटायचं.

त्या साली पोटाच्या दुखण्यानं तुम्ही खाटेला लागलात. पुडी माझ्या हातात देऊन म्हणालात, "मजुरावर सोडू नको. तू लाव." त्या दिवशी धाड गावचा आठवडी बाजार होता, मैत्रीण जीपपाशी थांबली होती. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधालगत, एक खड्डा केला, सगळं बी त्यात ओतलं, पायानं माती लोटली. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, "चारी अंगानं?" मी म्हटलं, "हाव." आठवड्याभरानं त्या खड्ड्यातून दाटीवाटीनं कोंब वर आले. कोणी पाहू नये म्हणून मी ते उपटून नाल्यात टाकले. बी पुरण्यापेक्षा ते उपटणं मला जास्त छळतं.

भेटायला येईल त्याला तुम्ही सांगायचात, "म्या पडलो, त पोरीनं लावली." शेवटच्या आठवड्यात मी तुम्हाला पेज भरवतेय. एक चमचा घेता आणि थांबता. "वरतं विचारलं, जलमाले येऊन काय केलं, त माह्यापाशी सांगाले एवढंच हाय. म्या कोनाचं पान उचललं नाही. या सालीही नाही." मी पुढचा चमचा भरते. तेव्हाच बोलायला हवं होतं. तुम्ही माफ केलं असतंत आणि तुमची गोष्ट खरी राहिली असती. देवापुढं तुम्ही खोटं घेऊन उभे राहिलात, बाबा, आणि तुम्हाला ते ठाऊकही नव्हतं.

पुढं साधी कपाशी कुठंच न उरल्यानं गुलाबी बोंडअळी बीटीचं विष पचवायला शिकली आणि तिनं बीटीचीच बोंडं पोखरली, तेव्हा गावाला तुमची आठवण झाली. आपल्या एका वावरानं काही थांबलं नसतं, हे मला कळतं. माझं दुखणं ते नाहीच.

इथवर लिहिलेलं सगळं आईला वाचून दाखवायचं ठरवून काल माहेरी आले. जेवताना तिनंच माझ्या मुलीला तुमची गोष्ट सांगितली, डोळे पुसत, अगदी पोथी सांगावी तशी. मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तू एकटीनं लावलीस सगळी?" आई माझ्याकडे कौतुकानं बघत होती. मी होकारार्थी मान हलवली आणि भाजी वाढायला घेतली.