कोल्हारच्या परण्यातली शांतता

२ एप्रिल १९९६, मंगळवार
कोल्हारच्या लग्नाची सुपारी पक्की. आमच्या बँड पार्टीचे मालक अल्लाबक्षचाचा आज दुपारी आमच्या गिरणीत दळण टाकायला आले तेव्हा त्यांनी स्वतः सांगितलं. पाच मे, रविवार. नवरदेव पुण्यात इंजिनियर. त्याच्या मामाची एकच अट, बँड सगळ्यांपेक्षा वेगळा पाहिजे. श्रीरामपुरात बँड पार्ट्या डझनभर आहेत. वेगळं वाजवणारा माणूस एकच. त्याचं नाव इथे लिहायची गरज नाही, वही त्याचीच आहे.

दुसरी बातमीही चाचांचीच. त्यांचे गुडघे गेले. पुढच्या सीझनपासून ते बँडच्या गाडीबरोबर चालणार नाहीत, पार्टी कुणाच्या तरी हाती देणार. माझ्या नाहीतर जीशानच्या. जीशान त्यांचा पुतण्या, हलगी वाजवतो, आठवी नापास. मी कीबोर्डवर, बी.कॉम.चं एकच वर्ष राहिलेलं. निवड उघड आहे.

बाबांनी पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून विचारलं, आणि न्हाई मिळाली पार्टी, तर? मी म्हणालो, हा प्रश्नच येत नाही. मग कबूल कर, म्हणाले, मे संपत आला की रोज सकाळी गिरणी तुझी.
कबूल केलं. हरायची शक्यता नसली की माणूस काहीही कबूल करतो.

६ एप्रिल
आत्याच्या चेतनने पुण्याहून कॅसेट पाठवली. इंग्लंडमध्ये 'जंगल' नावाचा प्रकार निघाला आहे. ड्रम इतके जोरात की जेवलेला माणूस ऐकू शकत नाही. दुसऱ्या बाजूला 'हाऊस' आणि 'टेक्नो'. दिवसभर ऐकलं. आई म्हणाली, टेप अडकलाय का.

रात्रीपर्यंत सगळं डोक्यात तयार. लेझीमचा ठेका, त्यावर जंगल. गोंधळाचं संबळ, त्याखाली हाऊसचा बेस. वर माझा कीबोर्ड, चर्चच्या ऑर्गनच्या आवाजात. लोक ज्यावर नाचतात ते सगळं घ्यायचं आणि त्याच्यावर नाचता येणार नाही असं करायचं. हेच प्रयोगशील संगीत. जगात असं कुणी केलेलं नाही. निदान तालुक्यात नाही.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून काम.

७ एप्रिल
उठलो नाही. पहाटे वीज नव्हती. म्हणजे असणार नाही असं वाटलं.

१५ एप्रिल
मुंबईच्या मावसभावाने सेकंडहँड ड्रम मशीन पाठवलं. त्यातलं एक बटण दबलं की वर येत नाही. यातून एक नवीनच ठेका तयार झाला. मोठ्या शोधांचं असंच होतं.

जीशानला ऐकवलं. तोंडात गुटखा धरून त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, नितीनभाऊ, भारी हाय, पन पाय कुठं उचलायचा त्ये सांगा. मी समजावलं की पाय हा मुद्दाच नाही. मग तो म्हणाला, आपन मिरवनुकीत वाजवतो ना, लोक तर पायानंच येत्यात.
याच्याशी कलेवर बोलणं म्हणजे वेळेचा अपव्यय.

गाडीपुढे उलटा चालत, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत हलगी वाजवायची, हीच त्याची पद्धत. ते थकले की ठेका कमी, पेटले की जास्त. म्हणजे पब्लिक सांगेल तसं वाजवायचं. हमाली.

२३ एप्रिल
आज साक्षात्कार. चेतनने पत्रात लिहिलं आहे की परदेशातल्या क्लबमध्ये सगळं जोरात चालू असताना संगीत एकदम तोडतात. लोक श्वास रोखून उभे राहतात. मग परत सुरू झालं की वेडे होतात.

माझ्या रचनेत हेच हवं होतं. मध्यभागी शांतता. परदेशातले लोक काही सेकंद ठेवतात, कारण त्यांच्यात धीर कमी. मी चांगली लांब ठेवणार. कॅसेटवर तेवढी कोरी टेप सोडली आहे. त्या वेळात ट्रम्पेट, ढोल, हलगी, कुणीही काही वाजवायचं नाही.

सायलीला सांगितलं. म्हणाली, म्हणजे दादा, तुझ्या गाण्यातला सगळ्यात चांगला भाग तोच का? लहान बहीण आहे. दुर्लक्ष केलं.

२८ एप्रिल
मार्केट यार्डामागे रिहर्सल. सगळी पार्टी हजर. रचना सुरू. ट्रम्पेटवाले दोघे एकमेकांकडे बघत होते, भारावून असणार. शांतता आली. मी डोळे मिटून हात वर केला.

डोळे उघडले तर चाचा गाडीखाली. गुडघे दुखत असताना वाकून जनरेटरची पिन हलवत होते. नेमकं तेव्हाच संगीत परत सुरू झालं. चाचा धूळ झटकत उठले आणि म्हणाले, वायर ढिली हुती, आता बसवली. सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं.
मी कौतुक होऊ दिलं. लग्नाच्या दिवशी कळेलच.

चाचांचं शेवटी इतकंच म्हणणं की मारुतीपासून शाळेच्या वळणापर्यंत नेहमीचं वाजवायचं, लोकान्ला नाचू द्यायचं, मग वळणापासून मांडवापर्यंत तुझं ते येगळं. मामाला येगळं पाहिजे, ऐकवू. मान्य. नेहमीचं ऐकून लोक कंटाळतील, मग माझं अधिक उठून दिसेल.

५ मे, रविवार. सकाळ
नवीन बॅटऱ्या. पांढरे बूट. आज ठरणार. चाचांना निघताना विचारलं की पुढच्या सीझनला गाडीवरच्या पाटीवर नाव इंग्रजीत चालेल का. ते म्हणाले, आधी आजचं लगीन लागू दे, पोरा.

५ मे. संध्याकाळ
विशेष काही घडलं नाही.

७ मे
काही लोक विशेष घडलं असं म्हणत फिरत आहेत, म्हणून वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो.

परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळापासून वेळेवर निघाला. नवरदेव घोडीवर. जीशानच्या हलगीवर नवरदेवाचे मित्र शर्ट काढून नाचत होते. एकाची टाच फाटली. अशा लोकांपुढे आपलं काम ठेवायचं होतं.

शाळेच्या वळणावर मी रचना सुरू केली. नाच थांबला. अपेक्षितच होतं, लोक ऐकत होते. मामा माझ्या कानाशी येऊन ओरडले, बिघडलंय का काय? मी त्यांना मंद हसून दाखवलं. मग शांतता आली. पूर्ण. उसातला वारा ऐकू येत होता. घोडीनेसुद्धा कान टवकारले. माझ्या आयुष्यातले सर्वोत्तम क्षण.

आता मांडवात काय झालं. तिकडची पद्धत अशी की बँड वाजत वाजत मांडवाच्या दारापर्यंत येतो आणि नवरदेव दारात आला की थांबतो. त्यामुळे आतल्या मंडळींना बघावं लागत नाही. बँड थांबला, नवरदेव आला. मंगलाष्टकं म्हणणारे मच्छिंद्र गुरुजी वीस वर्षं असंच ऐकून सुरू करतात. त्या दिवशी भटजी घरात नवरीला बाहेर काढायची घाई करत होते, स्टेजवर कुणीच नव्हतं. गुरुजींनी बँड थांबलेला ऐकला, माईक धरला, डोळे मिटले आणि सुरू केलं.

मांडवात मागे बसलेल्याला स्टेज दिसत नाही. ऊन होतं, भुका लागल्या होत्या. 'सावधान' ऐकलं की अक्षता टाकायच्या, एवढंच लोकांना माहीत. टाकल्या. गुरुजींनी उन्हामुळे दोनच कडवी म्हटली, असं म्हणतात. शेवटी 'वाजवा' म्हणाले आणि त्याच क्षणी माझी शांतता संपून जंगल आणि संबळ एकदम फुटले. याहून अचूक टायमिंग परदेशातही कुणी केलेलं नसेल. हे मात्र कुणी बोलत नाही.

पहिली पंगत बसली.

आमच्याकडे वळणावर भोंग्यातून मंगलाष्टकं ऐकू आली तेव्हा वराती थबकले. कुणीतरी म्हणालं, आरं, लगीन लागलं की! आणि सगळे मांडवाकडे पळाले. मामा सगळ्यांत पुढे. नवरदेव घोडीवरून उतरला आणि मुंडावळ्या एका हाताने धरून पळाला. वळणावर मी, गाडी आणि घोडीवाला उरलो. घोडीवाल्याने विचारलं, आमचं भाडं कोन देनार?

नंतर भटजींनी नवरीला बाहेर आणलं तेव्हा समोर वाढपी बुंदीची परात घेऊन उभा होता. दुसऱ्यांदा मंगलाष्टकं झाली. पंगतीतले लोक पानावरून उठून, उष्टे हात मागे धरून उभे राहिले. अक्षता संपल्या होत्या म्हणून लोकांनी पानातला भात टाकला, असं सायली कुठूनतरी ऐकून आली आहे. अतिशयोक्ती. मी पाहिलं तेव्हा फार तर दोघा-तिघांनी टाकला असेल.

दोष कुणाचा? डोळे मिटणाऱ्याचा. माझी शांतता निर्दोष होती.

११ मे
मामा चाचांकडे येऊन गेले. नवरीची आजी जेवली नाही म्हणे, पहिलं लग्न मोजायचं की दुसरं, म्हणून रुसली. आता हेही माझ्यावर.
चाचा मला एवढंच म्हणाले, तू मला रिहर्सलला का न्हाई बोलला, वायर ढिली नव्हती म्हून? मी म्हणालो, तुम्हाला वाईट वाटलं असतं. चाचांनी कपाळावर हात मारून घेतला. माझ्या समजूतदारपणाचं त्यांना आश्चर्य वाटलं असावं.

१९ मे
पारनेरचं लग्न. मला विश्रांती दिली होती, म्हणून प्रेक्षक म्हणून गेलो. जीशानने माझं ड्रम मशीन गाडीवर लावलं होतं. दबलेल्या बटणाचा तोच ठेका, हळू केलेला, वर त्याची हलगी. शांतता काढून टाकलेली. ऑर्गन काढून टाकलेला. लोक नाचले. बायका नाचल्या. सत्तरीचे एक पाव्हणे फेटा सोडून कमरेला बांधून नाचले.

मी जीशानला सांगितलं की तू माझी रचना नासवलीस. तो म्हणाला, व्हय भाऊ, पन ठेका लई बाप हाय, तुमीच काढला ना त्यो? गाडीवर चढा, तुमचं नाव सांगतो लोकान्ला.
चढलो नाही. ज्यावर शेतकरी नाचतो त्याला आपलं नाव लावायचं नसतं. शिवाय कुणी हात दिला नाही.

२८ मे
पार्टी जीशानला. चाचांनी आज घरी येऊन बाबांसमोर सांगितलं, चहा न घेता. बाबांनी फक्त गिरणीच्या किल्लीकडे बघितलं.

पण चाचांना माझी किंमत आहे. कोल्हारची गोष्ट संगमनेरपासून शेवगावपर्यंत पोचली आहे. आता बँड थांबला तरी कुठल्याच मांडवात विश्वास ठेवत नाहीत. सुपारी देताना यजमान अट घालतात की पार्टीचा एक माणूस मांडवात माईकजवळ पाहिजे. नवरदेव खरोखर दारात दिसला की त्याने हात वर करायचा, त्याशिवाय सुरुवात नाही. चाचांनी या जबाबदारीच्या जागेसाठी मला निवडलं. म्हणाले, लोक तुला वळखतात, तू उभा दिसला की सगळे आपोआप सावध ऱ्हातेत.

म्हणजे संपूर्ण सोहळा माझ्या एका हातावर. परदेशात यालाच कंडक्टर म्हणतात. सायलीला सांगितलं. ती म्हणाली, एस.टी.त पण.

३१ मे, शुक्रवार
सकाळी गिरणी सुरू केली. पट्ट्याचा आवाज एकसुरी आहे, काही करण्यासारखं नाही. रतनबाईंच्या बाजरीत कुणाचेतरी गहू मिसळले गेले. त्या ओरडल्या. मिश्रणाबद्दल या गावाची मतं मागासलेली आहेत.

परवा बेलापूरचं लग्न, मुहूर्त साडेबाराचा. यजमानांचा निरोप आहे की मी माईकजवळ दिसेल असं उभं राहावं आणि कुठल्याही बटणाला हात लावू नये. नवरदेव दारात आला की मी हात वर करणार, मग सुरू होणार. सकाळची दळणं वेळेत उरकली तर अकराची एस.टी. मिळेल, असं बाबा म्हणाले.