नाईकाच्या दारातला नगारा

नागपट्टिणम जिल्हा, तमिळनाडू
२० एप्रिल २०२५

ती. बापूंच्या चरणी ममताचा सा. न. वि. वि.

कानातलं यंत्र तुम्ही पेटीत कुलूपबंद करून ठेवलंय, असं याडीनं, तुमच्या कारभारणीनं, सांगितलं. म्हणे, ते शिट्ट्या मारतं. फोनवर मी ओरडायचं, तुम्ही भलतंच उत्तर द्यायचं आणि शेवटी दोघांनी चिडायचं, त्यापेक्षा पत्र बरं. कागद शिट्ट्या मारत नाही.

काम सांगते. मी जिथे नोकरी करते ती मच्छीमारांची वस्ती त्सुनामीनं एका सकाळी धुऊन नेली होती. मदत बाहेरून पुष्कळ आली, पण घरं कुठे बांधायची, पळायची वाट कुठून काढायची, हे वस्तीतल्या बायकांनीच ठरवलं. अंजलै त्यांची पुढारी. जपानच्या किनाऱ्यावरची एक वस्तीही अशीच बुडाली होती. तिथल्या मियोकोबाई इकडे येतात, अंजलै तिकडे जाऊन आली. दोघी एकमेकींना आपापल्या चुका सांगतात, त्यांचं काम मुख्यतः तेच. यंदा नदीकाठच्या गावांनाही यात घ्यायचं ठरलं आणि मी आपल्या तांड्याचं नाव दिलं. मागच्या पुरात पैनगंगेचं पाणी नाल्यातून उलटं चढून आपल्या ओसरीला शिवून परत गेलं, ते मी विसरलेले नाही. दर वेळी ते परत जाईलच असं नाही.

त्या दोघी मे महिन्यात येतील, सोबत दुभाषी असेल. मला इथून हलता येणार नाही. तुम्ही तांड्याचे नाईक, तुमच्या शब्दाशिवाय तिथं पान हलत नाही. तेव्हा त्यांचं ऐका, म्हणजे यंत्र घालून ऐका.

लोभ आहेच, तो वाढवा. राग आला तर याडीवर काढू नका, मला लिहा.

तुमची,
ममता


मोहदरी तांडा, फुलसावंगीजवळ
२५ मे २०२५

चि. ममतास धरमसिंगचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल.

तुझ्या पाहुण्या आल्या, राहिल्या, गेल्या. आधी मी शेजारच्या रामधनला म्हणत होतो की पोरगी समुद्रकाठी राहून खुळी झाली. त्सुनामी काय फुलसावंगीच्या बाजारात शेव-चिवडा घ्यायला येणार आहे? पण बाया चांगल्या निघाल्या. जपानवाली ज्वारीची भाकर आणि ठेचा खाऊन डोळे पुसत होती आणि तरी ठेचा मागत होती. तुझी याडी तिच्यावर खूश. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण दिवसभर बोलत होत्या.

त्यांनी आपल्या बायांकडून अंगणात राखेनं तांड्याचा नकाशा काढवला. नाला, माळ, कुणाच्या घरी म्हातारं माणूस, कुणाच्या घरी गाभण गाय, सगळं. मग प्रश्न निघाला की पाणी चढलं तर साऱ्यांना कळवायचं कसं. भोंगा द्यायला तुझी संस्था तयार होती. त्यावर धुरपताबाई म्हणाली की ढग आला का लाइन जाते, भोंगा कायले पाह्यजे, आपला नगारा हाये ना. सगळ्यांनी माना डोलावल्या, मी तर भोंग्याला हसलोच. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

पाहुण्या गेल्यावर काल सराव केला. दारात उभा राहून नगारा वाजवला, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच अख्खा तांडा माझ्या दारात! माळाच्या अंगाला राहणारी धुरपताबाईसुद्धा काठी टेकत, उतार उतरून हजर. कोणाचं लगन जमलं म्हणून विचारत होती. तुझ्या भावानं, भारतनं, फोटो काढून तुला पाठवला आहे, तो तुझ्या बायांना दाखव. आता पूर येऊ दे, पाहून घेऊ.

माया आहेच. तब्येतीला जप आणि मासळीच्या वासाची फार सवय लावून घेऊ नको.

तुझा बापू


नागपट्टिणम
४ जून २०२५

ती. बापूंस ममताचा सा. न. वि. वि.

फोटो मिळाला. मी कौतुकानं अंजलैला दाखवला. ती हसली नाही. तिनं राखेच्या नकाशाची उतरवून आणलेली प्रत पुढे केली आणि एवढंच विचारलं की नाईकाचं घर यात कुठे येतं. मी बोट ठेवलं. नाल्याच्या काठाला, सगळ्यांत खाली.

बापू, सराव फसला. पाणी सगळ्यांत आधी जिथं लागतं तिथंच तुम्ही तांडा गोळा केला. धुरपताबाई माळाजवळ सुखरूप होती, तिला आपण पुराकडे उतरवलं. नगाऱ्यावर मीही खूश झाले होते, माझ्याही लक्षात आलं नाही. आपल्याकडे नगारा वाजला की अर्थ एकच, नाईकाच्या दारी या. पायांना पिढ्यान् पिढ्या तेवढंच ठाऊक आहे, आणि पुराच्या दिवशी पाय डोक्याला विचारत बसणार नाहीत.

नगारा माळावर हलवा, सेवालाल महाराजांच्या देवळापाशी. नवी सवय लागायला आणखी सराव लागतील आणि पाऊस तोंडावर आला आहे. यात कमीपणा नाही. अंजलैच्या वस्तीनं पहिला भोंगा मासळीच्या लिलावाच्या शेडवर बसवला होता. सरावाला काय वाजतंय ते पाहायला सगळी वस्ती समुद्राकडे धावली! हे सांगताना ती आजही कपाळाला हात लावते.

विनंती समजा, हट्ट समजा, पण एवढं करा. लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमची,
ममता


मोहदरी तांडा
१५ जून २०२५

चि. ममतास आशीर्वाद.

पत्र वाचलं. दुसऱ्यांदा वाचावंसं वाटलं नाही.

माझे आजोबा बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले, तेव्हापासून हा नगारा नाईकाचा आहे. तो दारातून उचलायचा म्हणजे काय करायचं, हे तुला परक्या बायांनी शिकवायला नको होतं. उद्या लोक म्हणतील, धरमसिंग बहिरा झाला आणि पोरीनं त्याची नाईकी माळावर नेऊन ठेवली. कान गेले, तेवढं पुरे आहे.

या विषयावर पुन्हा लिहू नये. तुझी याडी चार ओळी घाला म्हणते, त्या सूनबाई लिहील.

धरमसिंग

ममताताई, मी संगीता. सासूबाई बोलतात ते त्यांच्याच शब्दांत लिहिते: ते धड जेवत नाहीत, नगाऱ्याजवळ बसून राह्यले. समजावून पाह्यलं, ऐकत नाहीत. पण तू घोर करू नको, मी रोज सकाळी नाला पाहून येतो.


नागपट्टिणम
१७ ऑगस्ट २०२५

ती. बापूंस ममताचा सा. न. वि. वि.

कालपासून फोन लागत नाही. तुमचा नाही, भारतचा नाही, फुलसावंगीत कुणाचाच नाही. बातम्यांत आपल्या भागातल्या पावसाचं दाखवतात आणि पुढे दुसरंच काही लावतात. हे पत्र पोचेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. वरातीमागून घोडं, मला कळतं. पण हात जोडून बसवत नाही. अंजलै सकाळपासून माझ्याजवळ बसून आहे. तिला हे बसणं माहीत आहे.

जूनपासून मीही रागानं लिहिलं नाही. आता त्याचं फार वाईट वाटतं. तेव्हाच विचारायचं होतं ते आज विचारते. तुमच्या आजोबांचा तांडा मुक्कामाला थांबायचा तेव्हा पालं कुठे पडायची? तुम्हीच लहानपणी सांगायचात की नाईक आधी जमिनीचा उतार पाहायचा, मग पाल ठोकायचा आणि नगारा त्याच्यामागून उतरायचा. तेव्हा नाईकाला दार कुठे होतं, बापू?

तुम्ही सगळे असा. एवढंच मागणं आहे.

ममता


माळ, मोहदरी तांडा
१० सप्टेंबर २०२५

चि. ममतास अनेक, अनेक आशीर्वाद.

सगळे जिवंत आहोत एवढं भारतच्या फोनवरून तुला कळलं. बाकीचं मलाच सांगायला हवं, म्हणून हा कागद.

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. सकाळी तुझी याडी नाल्यावरून धावत आली आणि हातानं खूण केली की पाणी उलटं वाहून राह्यलं. मी नगाऱ्याच्या काठ्या घेऊन दारात गेलो. हात उगारला आणि डोळ्यांपुढे तो फोटो आला. सगळा तांडा माझ्या दारात, धुरपताबाई उतारावरून येते आहे. हात खाली येईना. ममता, मी भ्यालो. जन्मात पहिल्यांदा नगाऱ्याला भ्यालो.

भारतला हाक मारली. बांबूला बांधून दोघांनी नगारा माळावर चढवला. याडी मागून येत होती, घमेल्यात चुलीतले निखारे, वर परात झाकलेली. मला राग आला की घरदार सोडून ही बाई राख कसली वाहते. वर गेल्यावर कळलं. कातडं भिजून सैल पडलं होतं. मी वाजवत होतो, पण मला ऐकू कुठे येतं? मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो आणि ती नाही म्हणून मान हलवत होती. देवळाच्या पत्र्याखाली कातडं शेकलं. वाजवलं. नाही. पाणी आपल्या ओसरीवर चढलेलं दिसत होतं. पुन्हा शेकलं, पुन्हा वाजवलं. तेव्हा तिनं डोळे मिटले आणि मान डोलावली.

मग मी थांबलो नाही. माणसं बाहेर आली आणि आधी सगळी खालीच पाहू लागली, माझ्या घराकडे. तिथं पाणी दिसलं तेव्हा माना वर झाल्या. लेकरं काखेत घेऊन, जनावरं मोकळी सोडून लोक चढू लागले.

एकटी धुरपताबाई मान खाली घालून उतरत राहिली. माळ तिच्या पाठीशी, आणि ती माझ्या दाराकडे चाललेली! मी ओरडलो असेन, मला ठाऊक नाही. हात थांबवला असता तर चढणारे थबकले असते. म्हणून वाजवत राहिलो आणि तिच्याकडे पाहत राहिलो. पाणी तिच्या गुडघ्याला लागलं. तेवढ्यात आपली संगीता अर्ध्या चढावरून मागे वळली आणि म्हातारीला पाठीवर घेऊन आली. काठी वाहून गेली. वर आल्यावर म्हातारी माझ्यावरच चिडली. भारतनं कानाशी ओरडून सांगितलं, ती म्हणत होती की नाईका, मी तुह्या दारी येत होती, तू काहून नव्हता तिथं? मला सगळ्यांदेखत रडू फुटलं.

घर गेलं, दाराची चौकटही उरली नाही. एक बैल गेला. कपाशीवर गाळ बसला आहे. पण तांड्यातलं एकही माणूस गेलं नाही. कानातलं यंत्र पेटीसकट वाहून गेलं, त्याचं तू फार दुःख करू नको.

तुझं सतरा तारखेचं पत्र पोस्टमन इथं माळावर देऊन गेला. तू जे विचारलंस ते तुझ्या आधी मला नाल्यानं विचारलं होतं. आजोबा उतार पाहायचे. मी घर बांधताना पाणी जवळ आहे एवढंच पाहिलं. मियोकोबाई आणि अंजलैबाईंना माझा नमस्कार सांग. म्हणावं, आमच्याकडेही आता सांगण्यासारखी एक चूक आहे, हवी तर घेऊन जा. आणि पावसात कातडं सैल पडतं, तेव्हा तो भोंगाही पाठवा, बॅटरीवर चालणारा. मी त्याला हसलो होतो, ते विसरून जा म्हणावं.

बाजाराच्या आदल्या दिवशी आता माळावरून सराव होतो. पहिल्या दोन्ही वेळी धुरपताबाई खालीच गेली, पडक्या जागेपाशी उभी राहून मला शोधत होती. काल ती वर आली. नवी काठी टेकत, शिव्या देत, पण वर आली.

दसऱ्याला येशील तेव्हा फाट्यावर उतरून सवयीनं खाली वळू नको. तिथं आता काही नाही. निघालीस की भारतला कळव, मी वाजवत राहीन. आवाज येईल तिकडे चढून ये.

माया होतीच, ती आता या माळावर आहे.

तुझा बापू
धरमसिंग