पुंगळ्या, चिंच आणि माझी सही

२ नोव्हेंबर, रविवार
अखेर क्लबला माझी किंमत कळली. दिघीकडच्या आमच्या रायफल क्लबात वापरलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या दारू आणि गोळी घालून पुन्हा भरतात. रीतसर लायसन्स आहे. चांगल्या ठेवायच्या, खराब टाकायच्या, एवढंच काम. आजवर ते सेक्रेटरी चिमाजीराव, रिटायर्ड सुभेदार, करायचे. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून मी पुढे झालो. बावीस वर्षं क्वालिटीत आहे. महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत माझ्या सहीशिवाय ब्रेकचं एक पेडल बाहेर जात नाही.

अरुंधतीला, म्हणजे बायकोला, आनंद व्हायला हवा होता. महिनाअखेरीच्या स्पर्धेत ती हीच काडतुसं वापरणार. ती फक्त म्हणाली, मधू, नीट बघ.

चिमाजीरावांनी पद्धत सांगितली. साहेब, एकेक हातात घ्यायची. मानंला तडा हाय का बगायचं. बुडाच्या वर चकचकीत कडं दिसलं तर समजायचं, आतनं पितळ झिजलंय, तिथनंच तुटणार. मग वाकडी तार आत फिरवायची, अडकली की बाद. मी नम्रपणे ऐकून घेतलं. अश्मयुग.

संकल्प: क्लबात सिस्टीम आणायची.

५ नोव्हेंबर, बुधवार
लाल, पिवळा, हिरवा असे तीन डबे ऑनलाइन मागवले. सूचनांचा बोर्ड लॅमिनेट केला. पुंगळ्या अजून पाहिल्या नाहीत, पण पाया भक्कम झाला.

कंपनीत कस्टमर ऑडिट तोंडावर. निरंजनला (माझा ज्युनियर) भिंती रंगवायला लावल्या.

७ नोव्हेंबर
फक्त हिरवा डबा आला. बाकीचे स्टॉकमध्ये नाहीत. हरकत नाही, चांगला मालच जास्त असणार.

८ नोव्हेंबर, शनिवार
पोतं उघडलं. पहिल्या काहींतच एका पुंगळीच्या मानेला तडा. फोटो काढला, ग्रुपवर टाकला, खाली 'रूट कॉज?' असं लिहिलं. कोणीच उत्तर दिलं नाही. या क्लबला क्वालिटी कल्चर नाही.

नंतर पाठ भरून आली. डोळेही चुरचुरायला लागले. एकेक बघणं ही माणसाच्या बुद्धीची विटंबना आहे. कंपनीत मी क्रेटच्या वरच्या थरातली मूठभर पेडलं बघतो आणि लॉट सोडतो. आजवर कोणाची तक्रार माझ्यापर्यंत आलेली नाही. तेच इथे केलं. वरच्या मूठभर पुंगळ्या काढल्या, सगळ्या उत्तम. लॉट पास. तडा गेलेली ती एक अपवाद म्हणून खिडकीत ठेवली.

९ नोव्हेंबर, रविवार
ऑडिटरची पहिली नजर चकाकीवर जाते, हे मी ऑडिटरांना जेवायला घालून शिकलोय. पुंगळ्या क्लबाबाहेर न्यायच्या नाहीत असा नियम आहे, म्हणून घरातली चिंचच क्लबात नेली. बादलीत भिजवून सगळा लॉट घासला. देवघरातली भांडी झक मारतील असं पितळ निघालं.

वर आणखी फायदा. चिमाजीराव म्हणतात ते चकचकीत कडं आता कुठल्याच पुंगळीवर वेगळं दिसत नाही. दोष शून्य.

घरी आमटीला चिंच नव्हती. अरू बोलली. मोठ्या कामात असं होतं.

१२ नोव्हेंबर
पोत्याला हिरवा टॅग बांधला: 'ओके, मधुसूदन'. खाली सही.

अरूने विचारलं, प्रत्येक पुंगळी बघितलीस का? मी सांगितलं, मी प्रोसेस बघितली. ती म्हणाली, मी प्रोसेसला गाल टेकवत नाही, रायफलला टेकवते. पुंगळी फुटली की गॅस मागे येतो, डोळ्यावर.

दातांच्या डॉक्टरांना स्टॅटिस्टिक्स शिकवत नाहीत.

१५ नोव्हेंबर, शनिवार
चिमाजीरावांनी माझ्या पोत्यातल्या पुंगळ्यांची काही काडतुसं भरली. मग सहज म्हणाले, उद्या सकाळी या. ज्यानं पुंगळी निवडली त्यानंच पहिली गोळी झाडायची, आमच्यात पयल्यापासनं तसंच हाय.

हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारपासून उजवा खांदा दुखतोय. शिवाय तत्त्वाचा प्रश्न आहे. स्वतः पास केलेल्या मालाची चाचणी स्वतःच घेणं हा हितसंबंधांचा संघर्ष ठरतो.

१६ नोव्हेंबर, रविवार
हे मुद्दे रेंजवर मांडले. मी पर्याय दिला: रायफल स्टँडला बांधू, लांबून दोरी ओढू. चिमाजीराव म्हणाले, साहेब, सही तुमचीच हाय न्हवं? मग दोरी कशापायी?

अरू चटईवर पालथी झाली. माझ्या लॉटमधलं काडतूस घातलं, मागचा बोल्ट लावला, गाल टेकवला. मग मान वळवून विचारलं, मधू, झाडू का?

मी ओरडलो, नको.

ते खरंच आहे, लिहून ठेवतो. तिचा डोळा बोल्टपासून वीतभर होता.

रेंजवर कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

तरी नीट पाहिलं तर ही वेळेवर केलेली कंटेनमेंट ॲक्शन होती, म्हणजे सदोष माल पुढे जाण्याआधी अडवणं.

१८ नोव्हेंबर
अरूने क्लिनिकमधला दात तपासायचा आकडा आणि छोटा आरसा क्लबात नेला. एकेक पुंगळी आतून चाचपली. कीड, कीड, ही बरी, कीड. बाद झालेल्यांचा ढीग माझ्या हिरव्या डब्यात मावेना. बऱ्या निघाल्या त्या बहुतेक नव्या, आणि चिमाजीरावांनी त्या पोत्यात सगळ्यात वर टाकल्या होत्या, माझी मूठ पडली तिथेच.

बाद पुंगळ्या पुन्हा कोणी भरू नयेत म्हणून त्यांची तोंडं पकडीने चेपायचं काम मला मिळालं. म्हणजे रिजेक्शन विभागाचा पूर्ण चार्ज.

२३ नोव्हेंबर, रविवार
तिने निवडलेल्यातली पहिली गोळी तिनेच झाडली. काही झालं नाही. म्हणजे पितळ मुळात चांगलंच होतं.

२८ नोव्हेंबर
कंपनीचं ऑडिट पास. ऑडिटर भिंतींवर खूष. पेडलांचा मोठा लॉट माझ्या सहीने गेला. निरंजन म्हणत होता, सर, खालचे थर बघू या का? त्याला प्रोसेस समजावली.

२१ डिसेंबर, रविवार
अरू स्पर्धेत तिसरी आली, त्या आनंदात नवी गाडी घेतली. चिंचवडच्या शोरूममध्ये हार, पेढे, फोटो. मी वाकून ब्रेकचं पेडल पाहिलं. आमच्याच कंपनीचं. त्यावरचा बॅच नंबर ऑडिटच्या आठवड्यातला, माझ्याच सहीचा.

अरूही वाकली, तिनेही पाहिलं. मग चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, पेडल तू निवडलंस, पहिला तू.

खांदा पुन्हा दुखायला लागला होता. चावी काउंटरवर ठेवली आणि आम्ही दोघं रिक्षाने घरी आलो.