पेट्रोलचा वास

१३ जाने. ९७, इचलकरंजी
सकाळी दवाखान्यात विनायक. वय बावीस. यंत्रमागावर कामाला होता, शेड बंद पडल्यापासून घरीच. उजवा हात मनगटापर्यंत भाजलेला.
"स्टो भडकला की, मॅडम."
स्टोला रॉकेल लागतं. याच्या शर्टाला पेट्रोलचा वास. तसं म्हणाले. रोज ड्रेसिंगला ये, एवढंच सांगितलं.

१५ जाने.
आज बोलला. बंद शेडमागं पोरं जमतात. भाषणांची कॅसेट ऐकतात, बाटल्या भरतात. रविवारी मिरवणुकीत पलीकडची गल्ली पेटवायची.
विचारलं, "तुला माग कुणी शिकवला?"
"रफीकचाचांनी."
"ते राहतात कुठं?"
"त्याच गल्लीत."

१६ जाने.
पोलीस ठाणं. शेडमागच्या बाटल्या उचला, गल्लीत बंदोबस्त ठेवा म्हटलं. फौजदार: "कुणी सांगितलं त्याचं नाव सांगा, न्हायतर तुम्हालाच आत घेतो."
घ्या. क्षयाच्या पेशंटचं नाव मी चौकात सांगत नाही, विनायकचंही सांगणार नाही. याला उचलला की उद्या एकही भाजलेला हात माझ्याकडे यायचा नाही.
दुपारी कोल्हापूरहून आरोग्य खात्याच्या साहेबांचा फोन. "तुमचं काम ताप-खोकला." कॉलऱ्यात घरोघर पाणी तपासत फिरते तेव्हा शाबासकी देता, साहेब. हीही साथच, म्हटलं. फोन त्यांनीच ठेवला.
विनायकला विचारून संध्याकाळी रफीकचाचांकडे जाऊन आले. सगळं सांगितलं. चाचांनी त्याची ड्रेसिंगची वेळ विचारून घेतली. मग, "रविवारी येतो."

१९ जाने., रविवार
सुट्टी असून दवाखाना उघडला. विनायक आला. चाचाही. स्वतःचा रोजा, पण पोरासाठी चहा घेऊन. बाहेर ढोल. दोघं एका बाकावर. फौजदारानं बंदोबस्त मात्र ठेवला होता, गल्लीच्या तोंडाला पोलीस होते. एक दगड, एक काच फुटली. तेवढंच.
निघताना चाचा म्हणाले, "हात बरा झाला की ये. आमच्या शेडात माणूस पायजे."
विनायकनं डाव्या हातानं कप धुऊन त्यांच्या हातात ठेवला.

२२ जाने.
विनायकचा ओठ फुटलेला. "आमच्याच पोरांनी मारलं, रविवारी आलो न्हाय म्हणून." मागं त्यांच्यातलाच एक, भाजलेला हात रुमालात गुंडाळलेला.
"मीच आणलं त्याला."
समोरच्या टपरीवर फौजदाराचा माणूस सकाळपासून बसून आहे. त्या पोरानंही त्याला बघितलं.
"नाव सांगणार न्हाय न्हवं?"
"आत ये," म्हटलं, आणि दार लावून घेतलं.