मळकट स्क्रू

दिनांक १४, मंगळवार
हॉस्पिटल, दुसरा मजला, खिडकीजवळची खाट

तीर्थरूप बाबांना,

नमस्कार. वाकून करता येत नाही, पाय बांधून उशीवर ठेवलाय. तेव्हा केला असं समजा आणि आशीर्वाद द्या.

इकडे सगळं ठीक. आईला सांगा, जेवण चांगलं असतं. (नसतं, पण सांगा.) दादा रोज येतो आणि माझी फळं खाऊन जातो. मी घोटा मोडून घेतला तो आमच्या स्क्रूची चाचणी व्हावी म्हणून, असं त्याचं ठाम मत आहे. प्रयोगशाळेच्या कोरड्या पायरीवरून, हातात काहीही नसताना मी पडले, यावर तो विश्वासच ठेवत नाही. तुमच्याकडे हे पत्र आज तोच घेऊन येईल. फोनवर बोलायचं म्हटलं तर मी तोंड उघडायच्या आत तुम्ही "ते काही नाही" म्हणता आणि ठेवून देता. पत्रात तुम्हाला मध्येच बोलता येत नाही, हा फार मोठा फायदा आहे.

आता मुद्द्याचं. काल संध्याकाळी डॉक्टर माझ्या खाटेशी आले आणि खाली बघत म्हणाले, "तुमच्या वडिलांचा फोन होता. स्टीलचाच स्क्रू घाला म्हणाले. नाहीतर येऊन तुमची मशीन बंद पाडतो म्हणाले."

बाबा! कुठली मशीन? आणि मी काय शाळेत जाणारी पोर आहे, परस्पर माझ्या पायाचा निकाल लावायला?

स्टील बसवणार नाही. उद्या सकाळी माझ्या घोट्यात आमचाच मॅग्नेशियमचा स्क्रू बसेल. तो हाड जुळेपर्यंत धरून ठेवतो आणि मग हळूहळू शरीरातच विरून जातो. पुन्हा कापाकापी करून काढायला लागत नाही. इथल्या तपासणी समितीने त्याला परवानगी दिली आहे. मागच्या वर्षी एका शाळेतल्या बाईंना बसवला, त्या आता वर्ग सोडून पळणाऱ्या पोरांमागे धावतात. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी मला आधीच बजावलंय की मी स्वतः तो बनवणाऱ्यांतली असल्यामुळे माझा पाय अभ्यासात धरणार नाहीत. नका धरू. मला शाबासकी नको, घोटा हवा आहे.

तुम्ही म्हणाल, आयुष्यभर लेथवर उभं राहून जे केलं ते टिकावं म्हणून केलं, आणि पोरगी निघाली नाहीसं होणारं बनवायला. वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगता ना, "आमच्या कन्येचा स्क्रू म्हणजे साबणाची वडी"? दादा सांगतो मला. हसतात म्हणे सगळे. हसू देत. पण मोडलेल्या हाडासाठी तुमच्या मांडीत बसवलेली स्टीलची पट्टी काढायला तुम्हाला दुसऱ्यांदा आत नेलं तेव्हा मी तिथे होते. पहिल्या वेळी तुम्ही कंपाउंडरची थट्टा करत गेला होतात. दुसऱ्या वेळी आईचा हात सोडत नव्हतात. तुम्हाला वाटतं मी लहान होते, मला काही कळलं नाही. मला सगळं कळलं होतं. पुढे काय शिकायचं ते मी त्या बाकावर बसून ठरवलं. तेव्हा या साबणाच्या वडीचं मूळ तुमच्याच मांडीत आहे, उगाच माझ्या नावाने खडे फोडू नका.

इथपर्यंत लिहून मघाशी पेन खाली ठेवलं होतं. पुढचं लिहायचं नव्हतं. पण त्याशिवाय तुमची भीती जाणार नाही.

ते प्रात्यक्षिक आठवतं? विसराल कसे! आमच्या प्रयोगशाळेची मशीन बिघडली होती, आणि इतके बारीक आटे पाडणारा हात तुमच्याशिवाय माझ्या माहितीत नव्हता. मी तुम्हाला मॅग्नेशियमच्या कांड्या आणून दिल्या, नवीन कोरं हत्यार दिलं आणि म्हटलं, फक्त आटे पाडा, बाकी काही करू नका. तुम्ही स्क्रू परत दिलेत ते आरशासारखे लखलखीत. "पाहुण्यांसमोर मळकट माल ठेवतात का?" म्हणालात. मला वाटलं, नुसतं फडक्याने पुसलं असेल. इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही मागच्या रांगेत बसलात, मी सगळ्यांदेखत ते स्क्रू मिठाच्या पाण्यात सोडले आणि ते फसफसून उठले. लोक पुढे झुकून बघायला लागले. तुम्ही तेवढे उठून बाहेर गेलात.

मी तुम्हाला सांगितलं, आमचं धातूचं मिश्रण चुकलं. ते खोटं होतं.

तुम्ही ते स्क्रू पॉलिशच्या चाकावर धरले होते, बाबा. त्या चाकावर तुम्ही वर्षानुवर्षं स्टील घासलंय. त्यातली लोखंडाची पूड मॅग्नेशियममध्ये रुतली, आणि एवढंसं लोखंडही त्याला मारक असतं. पुरतं झिजायला ज्याला कित्येक महिने लागायचे ते तिथल्या तिथे उकळल्यासारखं झालं. आम्ही नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा ते कण स्पष्ट दिसले. मशीन दुरुस्त झाल्यावर त्याच कांड्यांचे आम्ही केलेले, चाक न लागलेले स्क्रू तशाच पाण्यात शांत पडून होते. मॅडमना तेव्हाच सगळं सांगितलं. आता आमच्याकडे दारावरच पाटी आहे, लोखंडाला लागलेलं हत्यार आत आणू नये. पोरं त्याला मिस्त्रींचा नियम म्हणतात. ते मिस्त्री म्हणजे माझेच बाबा, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

तुम्हालाही सांगितलं नाही. तुम्ही ते मायेने केलं होतं, आणि तुमच्या हातावर बोट ठेवायला माझी जीभ रेटेना. पण दादा परवा म्हणाला की तुम्ही झोपेतून उठून आईला विचारता, "तिच्या पायात पण तसंच फसफसेल का गं?" तेव्हा मला स्वतःचा भयंकर राग आला. तुमचं मन राखायला मी गप्प बसले, आणि त्यानेच तुमची झोप उडवली.

नाही फसफसणार. उद्याचा स्क्रू मळकट आहे, दिसायला अगदी भिकार. मी स्वतः तपासलाय. तुम्हाला अजिबात आवडणार नाही.

मला भीती वाटते का? वाटते. आडवं पडून छताकडे बघताना कुणालाही वाटेल. पण भीती वाटते म्हणून मी निर्णय बदलत नाही, आणि तुम्ही ओरडता म्हणून तर मुळीच नाही. डॉक्टरांना पुन्हा फोन करू नका. यायचं तर या, दाराबाहेर बसा, आणि भांडायचं असेल तर मला बाहेर आणल्यावर माझ्याशी भांडा. हरणार तुम्हीच.

संमतीच्या कागदावर मी सही केली आहे. खाली 'जवळचे नातेवाईक' अशी ओळ होती. दादा म्हणाला माझं नाव घाल, बाबा आता काय येणार! मी तुमचं घातलं. तुम्ही आलात तरी आणि नाही आलात तरी ते मी खोडणार नाही.

तुमची, आणि तुमच्याइतकीच हट्टी,
धाकटी