रविवारची सावड

१ जुलै २००७
आज आठ जणं आले! भर लावणीत! माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या पायरीवर चिखलाचे पाय धुऊन आत. शाळेने भंगारात काढलेल्या दोन कॉम्प्युटरवर लिनक्स चढवलं. त्याचं मराठी करताना 'डिलीट'ला काय म्हणायचं यावरून कमळ आणि अनंता अर्धा तास भांडले, चहा आला तेव्हा थांबले. भाकरी ज्याची त्याची, एसटीचं भाडं ज्याचं त्याचं. सॉफ्टवेअर फुकट, आम्हीही फुकट!

२२ जुलै
पुण्याची एक संस्था आपल्या ग्रुपला वर्षभर पैसे द्यायला तयार! नाचावंसं वाटलं. अट एकच — एकाला पगारावर नेमायचं. मी लगेच जगनचं नाव कळवून टाकलं. सिद्धगडाच्या पायथ्याहून येतो बिचारा, एसट्या बदलत. बायको बाळंत झालीय, हाताला काम नाही. यात कोणाला विचारायचं काय?

५ ऑगस्ट
सगळ्यांना सांगितलं. वाटलं, टाळ्या पडतील. एकही पडली नाही. जगन मान खाली घालून कीबोर्ड पुसत बसला. निघताना अनंता म्हणाला, "मॅडम, पुढच्या रविवारी मला धरनावर ड्युटी हाय." भातसानगरला वायरमन आहे तो, पण त्याला रविवारी सुट्टी असते. मला काय माहीत नाही?

१२ ऑगस्ट
तिघंच.

१९ ऑगस्ट
जगन आणि मी.

२६ ऑगस्ट
तानशाला कमळच्या घरी जाऊन आले. तिने चहा केला, बसा म्हणाली. मीच भडकले — जगनच्या लेकराला दोन घास मिळाले तर तुमच्या पोटात का दुखतं? तीही उसळली. "त्याला मिळतात त्याचं वाईट नाय वाटत, ताई. पन सावडीत एकाला मजुरी दिली, मग बाकीचे कोन? तुमी आमाला इचारलं तरी का?"

सावड! आमच्या घरची लावणीसुद्धा तशीच होते. आज शेजाऱ्यांच्या शेतात, उद्या आमच्या. कोणी कोणाला मजुरी देत नाही. लहानपणापासून बघतेय, आणि मलाच सुचू नये? एसटीत खिडकीकडे तोंड करून रडले.

२ सप्टेंबर
पुण्याला फोन करून पैसे नको म्हणून सांगितलं. मग जगनला. "तुमी ठरवलं ना," एवढंच म्हणाला. पोराला घेऊन कसं भागवणार हा? पण आता सगळे परत येतील. यायलाच हवेत.

९ सप्टेंबर
कोणी नाही. जगनही नाही. खुर्च्या मांडल्या, परत उचलल्या. आई म्हणते, सुंठेवाचून खोकला गेला. तिला काय कळणार! चार वर्षं मी रविवारची वाट बघत आठवडा काढलाय. माझं म्हणावं असं एवढंच होतं.

१६ सप्टेंबर
क्लास उघडलाच नाही.

३० सप्टेंबर
जगन आला! लिनक्सच्या सीडी मागायला. सगळे अनंताच्या क्वार्टरवर जमतात म्हणे, दर रविवारी. मी घाईघाईने चपला घालायला लागले. "ताई, रागावू नका," तो म्हणाला, "पन तुमी नका येऊ. तुमी आल्या का परत तुमीच ठरवनार."

सीडी दिल्या, सगळ्या. त्यांचं काही अडायला नको.