दोरी धरणारी

मास्तर, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी अजून रुसलेली आहे. हसा खुशाल. तुमच्यावर थोडी, आणि तुमच्या त्या लाडक्या भंडाऱ्याच्या पोरीवर भरपूर.

तुमची सर्कस आमच्या बालाघाटला लागली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला रागावणारं कुणी नव्हतं. आई मी चौथीत असतानाच गेली. बाबा बैहरला जंगलखात्यात. शनिवारच्या जीपने यायचे, डाळ-तांदूळ भरून ठेवायचे, सोमवारी परत. मार्कशीट पुढे केली की न बघता सही. शेजारच्या घरात पोरींना 'कुठं गेलती एवढा वेळ?' असं कुणी दरडावलं की मी भिंतीला कान लावून ऐकायची. माझ्या वाट्याला तेवढंही नव्हतं.

सकाळच्या सरावाला मी कनातीशी येऊन उभी राहायची. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यावर खेकसलात, "काहून उभी हायेस वं? हात रिकामेच हायेत ना? मंग ही दोरी धर!" झुल्यावर शिकणाऱ्या पोरीच्या कमरपट्ट्याला बांधलेली ती दोरी वरच्या कप्पीतून खाली येते. खालचा माणूस ती सैल करतो, ताणतो. पोरगी चुकली की तोच तिला अधांतरी धरतो. माझ्या हाताची पहिल्यांदाच कुणाला तरी गरज लागली होती. आठवड्याने तंबू उठला तेव्हा बाबांना चिठ्ठी ठेवून मी तुमच्या ट्रकमध्ये बसले. मला जगायला काम मिळालं होतं मास्तर, आणि ते मला अजून पुरतंय. इथल्या शाळेतल्या पोरींना मी दोरीवरच्या कसरती शिकवते.

पण तुमचा तो रिवाज! खेळ संपला की वर उडणाऱ्या त्या भंडाऱ्याच्या पोरीला तुम्ही समोर बसवायचे, स्वतःच्या किटलीतला चहा द्यायचे आणि मग तिच्या चुका एकेक करून तिच्या पदरात घालायचे. "पाय वाकडा. मान खाली. तुयं लक्ष कुठं हाय?" ती मुसमुसायची आणि चहा प्यायची. मला चहा मिळायचा भटारखान्यातला, सगळ्यांबरोबर. चूक एकही नाही. त्या पहिल्या खेकसण्यानंतर सहा वर्षांत तुम्ही मला एकदाही रागावला नाहीत. त्या बयेला रोज रडताना बघून माझा जीव जळायचा. मला वाटायचं, चुका काढण्याइतकीसुद्धा मी यांची कुणी नाही.

म्हणून गोंदियाच्या मुक्कामात, सरावाच्या वेळी, मी दोरी मुद्दाम उशिरा ताणली. ती हातभर खाली आली, हिसका बसून लोंबकळली, किंचाळली. खाली जाळी होती, तिला काही झालं नाही, हे मी स्वतःला अजून सांगत असते. मी मान खाली घालून तुमच्या शिव्यांची वाट बघत होते. आणि तुम्ही ओरडलात तिच्यावर! "झेप चुकली तुयी!" दुसऱ्या दिवशी दोरी गुपचूप माझ्या हातात दिलीत. त्यानंतर मी ती कधी सैल पडू दिली नाही, पण तुम्हाला काही विचारलंही नाही.

परवा तिचा फोन आला. गुडघे गेलेत तिचे, आता नातवंडं सांभाळते. बोलता बोलता म्हणाली, "तुले एक सांगू? गोंदियाले दोरी तूच सोडली हे मास्तरले दिसलतं. मले चहा देऊन म्हणाले, तिले काही बोलू नको. उद्या पण तीच धरेल. तिच्यासारखा हात आपल्या तंबूत कोणाचाच नाही."

मला आनंद व्हायला हवा होता ना? झाला तो संताप. माझं कौतुक करायचं तेही तिच्याजवळ? तुमच्या किटलीतला चहा पाजून? माझ्या पापाचं गुपितसुद्धा तुम्ही दोघांनी आपसात ठेवलंत, आणि इतकी वर्षं ती ते एकटीच सांभाळत बसली! आता भांडायचं तर तुम्ही नाही, आणि हे पत्र टाकायला पत्ताही नाही.

राहवत नाही म्हणून एवढं कबूल करते. आवाज तुटतोय असं खोटंच सांगून मी तिच्याकडून तुमचं ते शेवटचं वाक्य तीनदा म्हणवून घेतलं.